विद्यापीठांचे ज्ञान गावापर्यंत आणि कारखान्यापर्यंत पोहोचवण्यासाठी कायमस्वरूपी निधी हवा : एक खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
मा. मंत्री, वित्त व नियोजन, महाराष्ट्र राज्य,
आणि राज्यातील सर्व अकृषी विद्यापीठांचे मा. कुलगुरू यांस

विषय : अकृषी विद्यापीठांच्या विस्तार व साहचर्य कार्यासाठी स्वतंत्र आणि दीर्घ मुदतीची तरतूद करण्याबाबत.

महोदय,

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 हा 1 मार्च 2017 पासून अमलात आला आणि त्याने राज्यातील अकृषी विद्यापीठांवर अध्यापन, परीक्षा व संशोधन यांच्या जोडीला आणखी एक काम स्पष्टपणे सोपवले. नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य मंडळ आणि आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ ही दोन मंडळे त्यासाठीच आहेत. पहिल्याने उद्योगांशी आणि नवउद्योजकांशी नाते जोडायचे, दुसऱ्याने विद्यापीठाबाहेरच्या समाजाशी. हा कायदा येण्यापूर्वी डॉ. अनिल काकोडकर, डॉ. अरुण निगवेकर आणि डॉ. राम ताकवले यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनी राज्याच्या उच्च शिक्षणाचा विचार केला होता, त्यामुळे ही कल्पना घाईने सुचलेली नव्हती. मंडळे स्थापन झाली, संचालकांची पदे निर्माण झाली. परंतु या कामासाठी दरवर्षी खात्रीने मिळेल आणि पुरेसा असेल असा पैसा कायद्याच्या मागोमाग आला नाही. मी हे पत्र त्या एका उणिवेविषयी लिहीत आहे.

या कामाचे स्वरूप आधी सांगायला हवे, कारण ते लक्षात आल्याशिवाय त्याला पैसे कशासाठी लागतात हे कळत नाही. मी कोल्हापूर जिल्ह्यात रसायनशास्त्र शिकवतो. इथे उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत लहानमोठ्या कितीतरी फौंड्र्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने, आहेत आणि त्यांतल्या लहान फौंड्र्यांकडे स्वतःची प्रयोगशाळा नसते. अशा कारखान्याचा मालक जेव्हा एखाद्या प्राध्यापकाला भेटतो, तेव्हा तो संशोधनाचा विषय घेऊन येत नाही. कास्टिंगचे रिजेक्शन, म्हणजे सदोष म्हणून नाकारल्या जाणाऱ्या ओतीव भागांचे प्रमाण, वाढले आहे एवढेच त्याला माहीत असते. कारण वाळूच्या ओलाव्यात असू शकते, वाळू घट्ट धरून ठेवणाऱ्या बाइंडरच्या प्रमाणात असू शकते, ओतताना धातूचे तापमान उतरल्यामुळे असू शकते किंवा साच्यातून वायू बाहेर पडायला पुरेशी वाट नसल्यामुळेही असू शकते. ते शोधायचे तर कुणीतरी भट्टीपाशी जाऊन उभे राहावे लागते, वेगवेगळ्या पाळ्यांमधले वाळूचे नमुने घ्यावे लागतात, साचे भरणाऱ्या कामगाराशी बोलावे लागते आणि त्यानंतर ठरवावे लागते की या प्रश्नाचे उत्तर आधीच ज्ञात आहे आणि ते फक्त समजावून सांगायचे आहे, की एम. टेक.च्या विद्यार्थ्याने सहा महिने काम करावे असे यात काही आहे, की खरोखरच कुणालाही ठाऊक नसलेले काही समोर आले आहे. वापरून झालेली वाळू टाकायची कुठे आणि ती पुन्हा वापरता येईल का, हा तर त्या एका कारखान्याचा नव्हे, संपूर्ण परिसराचा प्रश्न आहे.

ही निवड करण्याचे, प्रश्नाला नेमके रूप देण्याचे आणि उत्तर परत कारखान्याच्या भाषेत नेऊन देण्याचे काम कौशल्याचे आहे आणि त्याला वेळ लागतो. आज आपल्या व्यवस्थेत या वेळेला किंमत नाही. प्राध्यापकाच्या कार्यभारात तो धरला जात नाही. पदोन्नतीच्या वेळी, म्हणजे ज्याला आम्ही कॅस म्हणतो त्या योजनेत, शोधनिबंधांच्या तुलनेत त्याचे वजन फारच कमी पडते. प्रवासखर्चाला लेखाशीर्ष, म्हणजे तो खर्च टाकायला अंदाजपत्रकातले खाते, सापडत नाही. ज्या विभागात मंजूर पदांपैकी अनेक पदे रिक्त आहेत आणि अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील शिक्षक वाहत आहेत, तिथे हे काम करायचे कुणी? तासिका तत्त्वावरील शिक्षकाला तर वर्गात घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. त्याने एखाद्या गावात किंवा कारखान्यात घालवलेला दिवस त्याच्या मानधनातून वजा होतो. परिणामी जे थोडे काम होते ते एखाद्या उत्साही प्राध्यापकाच्या स्वखर्चावर होते आणि तो निवृत्त झाला की थांबते. उरतात ते सामंजस्य करार, जे मूल्यांकनाच्या वेळी मोजले जातात आणि ज्यांच्या पुढे काय झाले हे सहसा कुणी विचारत नाही.

या बाबतीत आपल्याला बाहेर कुठे उदाहरण शोधत जाण्याची गरज नाही, कारण याच राज्यात याच शासनाने विद्यापीठांची एक वेगळी परंपरा उभी केलेली आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ 1968 मध्ये, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 मध्ये, आणि परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे 1972 मध्ये स्थापन झाली. या चारही विद्यापीठांच्या रचनेत शिक्षण आणि संशोधन यांच्या बरोबरीने विस्तार शिक्षण हे तिसरे अंग आहे. त्याला संचालक आहे, कर्मचारी आहेत, अर्थसंकल्पात जागा आहे. दरवर्षी संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत, जिला सगळे जॉइंट ॲग्रेस्को म्हणतात, नवी वाणे, अवजारे आणि लागवडीच्या शिफारशी मांडल्या जातात, त्यांवर वाद होतात, काही परत पाठवल्या जातात आणि ज्या मंजूर होतात त्या शेतकऱ्यांपर्यंत नेण्याची जबाबदारी कुणाची हे ठरलेले असते. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने दिलेला फुले 265, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची काजूची वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 ही वाणे, दापोलीचा रत्ना आंबा, बदनापूरच्या केंद्राची तूर ही नावे शेतकऱ्याच्या तोंडी आहेत. अकोल्याच्या विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी दाल मिलवर विदर्भात बचत गटांनी आपले व्यवसाय उभे केले. विद्यापीठाने काढलेली कृषी दैनंदिनी गावातल्या माणसाच्या हाती असते.

हे सगळे केवळ कृषी शास्त्रज्ञ अधिक समाजाभिमुख असल्यामुळे झाले असे मला वाटत नाही. ते झाले कारण त्या कामासाठी पदे होती आणि पैसा होता. कृषी विज्ञान केंद्रांचेच पाहा. देशातले पहिले केंद्र 1974 मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले, आणि ही केंद्रे विद्यापीठ चालवत असो वा एखादी स्वयंसेवी संस्था, त्यांचा खर्च भारतीय कृषी संशोधन परिषद उचलते. केंद्रातील विषयतज्ज्ञाला दरवर्षी नव्या प्रकल्पाचा प्रस्ताव लिहून आपली नोकरी टिकवावी लागत नाही, म्हणून तो एका तालुक्यातील जमीन, पाणी आणि माणसे वर्षानुवर्षे ओळखू शकतो. आज कृषी विद्यापीठांतही रिक्त पदांमुळे विस्ताराचे काम क्षीण होत चालले आहे, ही खरी आणि काळजीची गोष्ट आहे. पण तिच्यातूनही हेच दिसते की पदे गेली की ज्ञानाची ये-जाही थांबते. यंत्रमागधारक, ढलाईवाला, चर्मकार, नळपाणी योजना चालवणारी ग्रामपंचायत, नगरपालिकेचा घनकचरा सांभाळणारा अभियंता यांच्यासाठी आपल्याकडे कृषी विज्ञान केंद्रासारखे काहीही नाही, आणि त्यांच्या जिल्ह्यात विद्यापीठ मात्र आहे.

उद्योगांच्या बाबतीत दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. मुंबई विद्यापीठाने 1 ऑक्टोबर 1933 रोजी रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला तेव्हा शहरातील कापड गिरण्यांना रंगाई, धुलाई आणि रसायने जाणणारी माणसे हवी होती. प्रा. के. वेंकटरामन यांनी 1938 ते 1957 या काळात त्या विभागाचे नेतृत्व केले आणि पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. प्रा. मनमोहन शर्मा यांनी त्याच विभागात मूलभूत संशोधन आणि कारखान्यांना सल्ला ही दोन्ही कामे एकाच वेळी उत्तम करता येतात हे दाखवून दिले. कारखान्यांच्या प्रश्नांत इतके गुंतलेले असूनही 1990 मध्ये त्यांची रॉयल सोसायटी या ब्रिटनमधील मानाच्या विज्ञानसंस्थेवर निवड झाली. माटुंग्याची ही संस्था आज रसायन तंत्रज्ञान संस्था या नावाने अभिमत विद्यापीठ आहे. तिच्याकडे उद्योगांचा पैसा आपणहून आला असे सांगितले जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु तो येण्याआधी कित्येक दशके सार्वजनिक विद्यापीठाने तिथल्या प्राध्यापकांचे पगार दिले, प्रयोगशाळा सांभाळल्या आणि त्यांना बाहेर जाऊन सल्ला देण्याची मोकळीक दिली. आधी सार्वजनिक पैसा, मग विश्वास आणि मग उद्योगांचा पैसा, असा तो क्रम होता. आज आपण नव्या विद्यापीठांकडून शेवटच्या पायरीची अपेक्षा पहिल्याच वर्षी करतो.

साखर उद्योगाने आणखी एक मार्ग काढला. 1975 मध्ये सहकारी साखर कारखान्यांनी एकत्र येऊन उभारलेली आणि आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी, पुण्याजवळच्या मांजरी येथील संस्था कारखान्यांच्या गाळपावर आधारलेल्या वर्गणीवर चालत आली आहे. जिथे उद्योग संघटित आहे आणि त्याच्यामागे सहकाराची ताकद आहे, तिथे हे शक्य होते. इचलकरंजी, भिवंडी आणि मालेगावचा यंत्रमाग, सोलापूरची चादर आणि टॉवेल, जालन्याच्या पोलाद भट्ट्या, तासगावचा बेदाणा, कोल्हापुरी चप्पल बनवणारी घरे या प्रत्येकाकडे अशी वर्गणी गोळा करण्याची शक्ती नाही. सोलापूरच्या चादरीला आणि कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकनानंतर लागणारी गुणवत्तेची तपासणी, रंगाचा पक्केपणा, कातडे कमावताना वाया जाणाऱ्या पाण्याची शुद्धी, नव्या मापांचे आणि आरामाचे डिझाइन यांसाठी कारागीर कुणाकडे जाणार? या सगळ्याचे ज्ञान असलेले विभाग त्याच्या घरापासून फार लांब नाहीत.

आणि ज्यांच्याकडे शुल्क देण्याची क्षमताच नाही अशांचा विचार तर सर्वांत आधी व्हायला हवा. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले, आणि त्यानंतर जिल्ह्यातील कितीतरी ग्रामसभा आपल्या जंगलाच्या कायदेशीर व्यवस्थापक झाल्या. हक्क मिळाल्यावर खरे काम सुरू होते. जंगलात बांबू किती आहे आणि दरवर्षी किती तोडला तर तो टिकेल, याची मोजणी करावी लागते, व्यवस्थापन आराखडा लिहावा लागतो, तेंदूपानाच्या लिलावाचे हिशेब ठेवावे लागतात, कराची विवरणपत्रे भरावी लागतात, आणि हे सगळे गावातल्या माणसांना स्वतः करता यावे यासाठी त्यांना गोंडी व मराठीत शिकवावे लागते. 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले ते याच प्रदेशासाठी. त्या विद्यापीठाने अशा ग्रामसभांना वनस्पतिशास्त्र, संख्याशास्त्र, लेखाकर्म आणि कायदा यांची मदत केली तर त्यातून विद्यापीठाला एक रुपयाही उत्पन्न होणार नाही. राज्यातल्या कुठल्याही विद्यापीठाने केलेल्या सर्वांत मोलाच्या कामांपैकी मात्र ते एक ठरेल.

मी हे उदाहरण मुद्दाम इतक्या विस्ताराने देत आहे, कारण निधी द्यायचे ठरलेच तर तो कोणत्या सूत्राने द्यायचा हा प्रश्न त्यातून थेट उभा राहतो. इंग्लंडमध्ये विद्यापीठांनी उद्योगांशी आणि समाजाशी ज्ञानाची देवाणघेवाण करावी म्हणून 2001 पासून एक स्वतंत्र सार्वजनिक निधी आहे. तो वर्षानुवर्षे टिकला, विद्यापीठांना त्यावर विसंबून या कामासाठी कायम माणसे नेमता आली, आणि म्हणून तो अभ्यासण्याजोगा आहे. पण तिथे कोणाला किती रक्कम मिळणार हे प्रामुख्याने त्या विद्यापीठाने सल्लासेवा, करार संशोधन आणि तत्सम मार्गांनी बाहेरून किती उत्पन्न मिळवले यावरून ठरते. हेच सूत्र आपल्याकडे जसेच्या तसे आणले तर पैसा मुंबई-पुण्याच्या परिसरात एकवटेल, कारण शुल्क देऊ शकणारे उद्योग तिथेच आहेत, आणि गडचिरोली, नांदेड, जळगाव, अमरावती यांच्या वाट्याला उरलेले तुकडे येतील. प्रादेशिक असमतोलावर आपल्या राज्यात समित्यांवर समित्या झाल्या आहेत. निदान हा नवा निधी तरी त्या असमतोलात भर घालणारा नसावा. म्हणून माझी विनंती अशी आहे की रकमेचा मोठा भाग प्रत्येक जिल्ह्याला समान पायाभूत रक्कम म्हणून द्यावा, उरलेला भाग मागास तालुक्यांची संख्या आणि केलेल्या कामाचा प्रत्यक्ष उपयोग पाहून द्यावा, आणि बाहेरून मिळवलेल्या उत्पन्नाला त्यात अगदी मर्यादित स्थान असावे.

राज्याने या दिशेने एक महत्त्वाचे पाऊल आधीच टाकलेले आहे आणि त्याचा उल्लेख केला नाही तर ते अन्यायाचे होईल. 1985 मध्ये आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा शोध घेणारे सितारा हे केंद्र सुरू झाले, आणि त्या केंद्राच्या अनुभवाच्या आधारे 2016 मध्ये आपल्याच विभागाने उन्नत महाराष्ट्र अभियानाचा शासन निर्णय काढला. जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जिल्ह्यातले प्रश्न अभ्यासावेत, नळपाणी योजना का बंद पडली, बसचे वेळापत्रक शाळेच्या वेळेशी का जुळत नाही, वीटभट्टीत इंधन किती वाया जाते अशा गोष्टींची पाहणी करून जिल्हा प्रशासनाला अहवाल द्यावेत, ही त्यामागची कल्पना होती. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात सुमारे पाच हजार गावांच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी जी पद्धत वापरली गेली, ती आयआयटी मुंबईच्या शास्त्रज्ञांनी तयार केली होती. शासनाच्या एखाद्या मोठ्या योजनेच्या केंद्रस्थानी विद्यापीठीय संशोधन असण्याचे हे दुर्मीळ आणि अभिमानास्पद उदाहरण आहे. परंतु जिल्ह्यातील साध्या महाविद्यालयाला हे काम दरवर्षी करत राहायचे असेल, तर त्याला दर वेळी कुणा जिल्हाधिकाऱ्यांच्या वैयक्तिक आस्थेवर अवलंबून राहावे लागू नये. आस्था असलेले अधिकारी बदलून जातात आणि त्यांच्याबरोबर कामही जाते. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी काही रक्कम राखून ठेवता येते. तिच्यातला एक निश्चित हिस्सा जिल्ह्यातल्या सार्वजनिक विद्यापीठाला आणि महाविद्यालयांना पाहणी, मूल्यमापन आणि तांत्रिक सल्ल्यासाठी द्यावा, असे बंधनकारक करता येईल. आज योजनांचे त्रयस्थ तांत्रिक परीक्षण बाहेरच्या खासगी संस्थांकडून करून घेण्यावर सार्वजनिक पैसा खर्च होतोच. तो जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणात गुंतला तर एकाच खर्चात दोन कामे होतील.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे ही गरज आता तातडीची झाली आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प, समाज सहभाग आणि ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे ओजेटी, यांना श्रेयांक (क्रेडिट) दिले गेले आहेत, आणि हा निर्णय मला तत्त्वतः अत्यंत योग्य वाटतो. पण याचा अर्थ असा, की दरवर्षी राज्यातील लाखो विद्यार्थ्यांना गावात, नगरपालिकेत, कारखान्यात, रुग्णालयात जाऊन काहीतरी करायचे आहे, आणि त्यांच्यासाठी अर्थपूर्ण काम शोधून ठेवणारा, तिथल्या लोकांशी आधी बोलणारा, विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासणारा आणि शेवटी निष्कर्ष त्या लोकांना परत सांगणारा एकही स्वतंत्र माणूस बहुतेक महाविद्यालयांत नाही. ग्रामीण महाविद्यालयातील मुलीला एसटीचे भाडे स्वतः भरून क्षेत्र प्रकल्पासाठी जावे लागते. अशा परिस्थितीत प्रकल्प वह्यांपुरता उरतो, एकमेकांच्या वह्या उतरवल्या जातात, आणि ज्या गावात पाच वेगवेगळ्या तुकड्यांनी पाच वेळा तीच प्रश्नावली भरून घेतली ते गाव सहाव्या तुकडीला दारात उभे करत नाही. राष्ट्रीय सेवा योजना 1969 मध्ये सुरू झाली तेव्हापासून आपल्याला हे ठाऊक आहे, की विद्यार्थी कष्टाला मागे हटत नाहीत. त्यांच्या कष्टांना दिशा देणारी आणि वर्षामागून वर्ष ते काम पुढे नेणारी व्यवस्था मात्र लागते.

केंद्र सरकारच्या योजनांतून हा पैसा येईल अशी आशा काही जण दाखवतात, म्हणून त्याविषयी थोडे. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी 2023 मध्ये कायदा झाला आणि पाच वर्षांत 50,000 कोटी रुपयांची कल्पना मांडली गेली, ज्यातला मोठा वाटा शासनाबाहेरून येणे अपेक्षित आहे. जुलै 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खासगी क्षेत्रातील संशोधनासाठी 1 लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. यांपैकी पहिली रक्कम मुख्यतः संशोधनासाठी आहे आणि दुसरी कंपन्यांसाठी. या दोहोंच्या मधली जी जागा मी वर वर्णन केली, तिच्यासाठी कुणाचीच तरतूद नाही. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीतून सार्वजनिक विद्यापीठांच्या संशोधनाला मदत देण्याची मुभा 2019 पासून आहे, पण ती देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते आणि तिच्यावर कुणाला कायम नोकरी देता येत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने विद्यापीठांना मिळणाऱ्या संशोधन अनुदानांना करमुक्त करण्याची शिफारस केली, हे चांगले झाले. लहान कारखानदाराला दिलेल्या सल्ल्यावरचा 18 टक्के कर मात्र तसाच आहे. त्याबाबत राज्याने परिषदेत बोलावे, अशीही माझी विनंती आहे.

माझी मागणी किती रकमेची आहे, हे आकड्यांत सांगणे मी कर्तव्य समजतो. राज्यात 36 जिल्हे आहेत. प्रत्येक जिल्ह्यात तिथल्या विद्यापीठाच्या अधिपत्याखाली चार पूर्णवेळ माणसांचे एक साहचर्य केंद्र असावे: एक उद्योगांच्या प्रश्नांसाठी, एक पाणी, शेतीपूरक व्यवसाय व पर्यावरणासाठी, एक ग्रामसभा, बचत गट आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी, आणि एक विद्यार्थ्यांच्या क्षेत्र प्रकल्पांचे नियोजन करण्यासाठी. सरासरी 75,000 रुपये मासिक वेतन धरले तर एका केंद्राचा वेतनखर्च वर्षाला 36 लाख रुपये होतो. प्रवास, नमुन्यांची तपासणी, विद्यार्थ्यांचे प्रवासभाडे आणि मराठीतील प्रकाशने यांसाठी आणखी 24 लाख धरले तर एका जिल्ह्याचे 60 लाख आणि 36 जिल्ह्यांचे 21 कोटी 60 लाख रुपये होतात. 2025-26 चा राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटी रुपयांचा होता. नव्या इमारती, नवी सभागृहे आणि उद्घाटने यांसाठी या निधीतून एक रुपयाही खर्च होऊ नये. महाविद्यालयांकडे खोल्या आहेत, प्रयोगशाळाही आहेत, नाहीत ती माणसे.

या रकमेपेक्षाही तिची मुदत महत्त्वाची आहे. ती किमान पाच वर्षांसाठी एकत्र मंजूर व्हावी आणि दर आर्थिक वर्षाच्या शेवटी, मार्चमध्ये, घाईने खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र देण्याची वेळ विद्यापीठावर येऊ नये. कारखान्याच्या किंवा गावाच्या मनात विश्वास निर्माण व्हायलाच पहिली दोन वर्षे जातात. या केंद्रांतली नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर झाली तर हुशार माणूस शिकून तयार होईल आणि निघून जाईल. या कामाला कॅसमध्ये शोधनिबंधाच्या तोडीचे स्थान मिळावे यासाठी राज्याने विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आग्रह धरावा, आणि तोपर्यंत कुलगुरूंनी आपल्या अधिकारात किमान कार्यभारात सूट द्यावी.

या मागणीला विरोधही होईल, आणि त्यातला एक आक्षेप मला गंभीर वाटतो. शिकवायलाच प्राध्यापक नाहीत, आधी रिक्त पदे भरा, मग विस्ताराचे बोला, असे माझे अनेक सहकारी म्हणतील. पदे भरलीच पाहिजेत, आणि हा निधी त्या भरतीला पर्याय म्हणून पुढे केला गेला तर मी स्वतः त्याला विरोध करीन. परंतु पदे भरल्यानंतरही, या कामासाठी वेगळी माणसे आणि वेगळा वेळ दिला नाही, तर सगळा वेळ वर्ग, परीक्षा आणि कागदपत्रे यांतच जाईल. ज्या विभागांत पदे भरलेली आहेत तिथेही आजवर तसेच होत आले आहे. दुसरा आक्षेप असा, की सार्वजनिक पैशाने कंपन्यांची कामे का करायची. म्हणून निधीचे नियम आधीच स्पष्ट असावेत. मोठ्या उद्योगाने पूर्ण शुल्क द्यावे, लघुउद्योगाला सवलत मिळावी, कारागीर, ग्रामसभा आणि बचत गट यांच्याकडून काहीही घेऊ नये. सार्वजनिक पैशातून निघालेला निष्कर्ष ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुला व्हावा, आणि तो मराठीत लिहिलेला असावा. एखाद्या गावाच्या जंगलाविषयी, वनौषधींविषयी किंवा कारागिराच्या पद्धतीविषयी मिळालेली माहिती त्यांच्या लेखी संमतीशिवाय कुणालाही देता येऊ नये. ज्ञान एकाच दिशेने वाहत नाही, आणि गावाकडून विद्यापीठाकडे येणाऱ्या ज्ञानावर गावाचा हक्क आहे.

पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाने बॅ. जयकर यांच्या नावाची व्याख्यानमाला गावोगावच्या महाविद्यालयांत पोहोचवली, आणि त्या व्याख्यानांना विद्यार्थ्यांच्या मागे गावातली माणसेही येऊन बसत असत. पहिल्या कुलगुरूंच्या नावाने चालणाऱ्या त्या उपक्रमात विद्यापीठाचे ज्ञान आवाराबाहेरच्या लोकांचेही आहे, अशी धारणा होती. तिला आजच्या गरजांप्रमाणे माणसे आणि साधने देण्याची जबाबदारी आता आपल्याकडे आहे.

येत्या अर्थसंकल्पात या कामासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष निर्माण करावे, वितरणाचे सूत्र ठरवण्यासाठी कृषी विद्यापीठांचे विस्तार शिक्षण संचालक, लघुउद्योगांचे आणि ग्रामसभांचे प्रतिनिधी यांचा समावेश असलेली समिती नेमावी, आणि सुरुवात करायची असेल तर ती गडचिरोली, नंदुरबार, जालना आणि कोल्हापूर या एकमेकांहून अगदी वेगळ्या असलेल्या चार जिल्ह्यांत करावी, अशी माझी नम्र विनंती आहे. कुलगुरू महोदयांना विनंती अशी, की या विषयावरचा ठराव त्यांनी आपापल्या अधिसभेच्या पुढील बैठकीत चर्चेला घ्यावा आणि शासनाकडे पाठवावा.

आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचा एक प्राध्यापक,
जिल्हा कोल्हापूर